एका रांगेतलं इंजिन: आधी जोड्या ओळखा, मग टॅपेटला हात लावा

१ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. हर्णै, मिरकरवाडा, साखरी नाटे, देवगड, मालवण, कुठल्याही बंदरात जा, बोटी शाकारलेल्या दिसतात आणि आत कुठेतरी एखादा मेस्त्री घामाघूम होऊन इंजिनाशी झटत असतो. हंगामात ज्या इंजिनाजवळ तुम्हाला पाच मिनिटं कोणी उभं राहू देत नाही, तेच इंजिन या दिवसांत हेड उतरवून पिस्टन दाखवत बसलेलं असतं. इंजिन शिकायचं तर याच दोन महिन्यांत.

आयटीआयमधून नुकते बाहेर पडलेले, बोटीवर ड्रायव्हरच्या हाताखाली लागलेले किंवा महामार्गावरच्या गॅरेजात पाने पुसायचं काम मिळालेले, अशांसाठी हे लिहितो आहे. शेवटपर्यंत वाचलंत तर समोर आलेल्या कुठल्याही साध्या इनलाइन इंजिनाचे सिलिंडर मोजणं, एक नंबर शोधणं, फायरिंग ऑर्डरवरून (सिलिंडर कोणत्या क्रमाने पेटतात त्यावरून) जोड्या काढणं आणि टॅपेट लावणं (वॉल्व्ह आणि तो दाबणारा रॉकर यांच्यातली फट, म्हणजे गॅप, नेमकी करणं) एवढं जमायला हवं. फायरिंग ऑर्डर पाठ करणारे पुष्कळ भेटतात. क्रँक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल गोल फिरवणारा दांडा, डोळ्यांपुढे आणू शकणारे थोडे. पाठांतर ऐनवेळी दगा देतं, क्रँक देत नाही, म्हणून सगळा भर त्यावर आहे.

रांग म्हणजे नक्की काय

सगळे सिलिंडर एका ओळीत, सगळ्यांखाली एकच क्रँकशाफ्ट. झालं इनलाइन इंजिन. वर बहुधा एकच लांब हेड असतं. काही सहा सिलिंडरच्या इंजिनांवर तीन-तीनांचे दोन हेड असतात, तर मोठ्या मरीन इंजिनांवर प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र.

नवख्यांचा पहिला घोळ असा की, इंजिन गाडीत आडवं बसवलेलं दिसलं की ते इनलाइन नव्हे असं त्यांना वाटतं. रांग सिलिंडरांची असते, गाडीच्या लांबीशी तिचा काही संबंध नाही. मारुती ८०० चं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन बॉनेटखाली आडवं असायचं. ओम्नीत त्याच घराण्यातलं इंजिन पुढच्या सीटखाली गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलं. दोन्हीकडे रांग तीच. काही गाड्यांत ही रांग एका कुशीवर कललेली असते आणि काही बसमध्ये तर फळीखाली चक्क आडवी झोपवलेली. तरी इनलाइनच.

रांगेऐवजी दोन फळ्यांत सिलिंडर मांडले की झालं व्ही इंजिन. कोकण रेल्वेवर विजेच्या तारा येण्याआधी गाड्या ओढणारी मोठी डिझेल लोकोमोटिव्ह सोळा सिलिंडरच्या व्ही इंजिनांवर चालायची. सोळा सिलिंडर एका रांगेत मांडले असते तर इंजिन डब्यात मावलं नसतं आणि क्रँक सळईसारखा पिळला गेला असता. जमिनीवरच्या इंजिनांत रांगेची मर्यादा आता सहाच्या आसपास येऊन थांबते. एकेकाळी आठ सिलिंडरच्या रांगा होत्या. १९५० आणि १९५१ ची फॉर्म्युला वन अजिंक्यपदं जिंकून देणाऱ्या अल्फा रोमिओच्या गाड्यांत अशीच आठांची रांग होती. पण लांबी आणि पीळ यांनी त्यांचा काळ संपवला. जहाजांचं गणित वेगळं. तिथे क्रँक मिनिटाला शंभरच्या आसपासच फिरतो आणि जागाही असते, त्यामुळे ‘एमा मार्स्क’सारख्या कंटेनर जहाजावर चौदा सिलिंडरची रांग आहे, एकेका सिलिंडरचा व्यास ९६० मिमी. जयगडला कोळसा घेऊन येणारी मोठी जहाजंसुद्धा बहुधा पाच ते सात सिलिंडरच्या टू-स्ट्रोक रांगेवरच चालतात.

आपल्या ट्रॉलरला रांग सोयीची, कारण बोटीचा तळ निमुळता. अरुंद आणि लांब इंजिन कीलच्या रेषेत, शाफ्टच्या सरळीत बसतं. दोन्ही बाजूंना माणूस उकिडवा बसू शकेल एवढी जागा उरते, एका बाजूला पंप आणि नोजलचे (डिझेल फवारणाऱ्या तोंडांचे) पाइप, दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्ड (हवा-धुराचा फांद्यांचा पाइप). व्ही इंजिनाला बाहेरच्या अंगाने हात घालायचा तर माणूस फळीत चेपला जाईल.

पहिली पायरी: मोजा

हेडवरचे बोल्ट मोजू नका, मॅनिफोल्डच्या फांद्याही मोजू नका. दोन सिलिंडरना मिळून एक फांदी असू शकते. डिझेल इंजिनावर पंपाकडून किंवा रेलकडून (सगळ्या नोजलना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीकडून) नोजलकडे जाणारे जाड, कडक, बारीक भोकाचे पाइप मोजा. जितके पाइप तितके सिलिंडर. परतीचा पातळ पाइप त्यात धरू नका.

मग नेमप्लेट वाचा. टाटाच्या जुन्या इंजिनांचं नावच बोलकं आहे. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास). ४९७ म्हणजे तेच बोअर, सिलिंडर चार. दोन्हींचा स्ट्रोक (पिस्टनची चाल) १२८ मिमी. आता कागद घ्या: ९७ मिमी व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे ७३.९ चौरस सेंटिमीटर, गुणिले १२.८, म्हणजे एका सिलिंडरचे सुमारे ९४६ सीसी. सहाने गुणलं की ५६७५, चाराने गुणलं की ३७८३. प्लेटवरचा आकडा आणि तुमचा हिशेब जुळला की समजा, इंजिन बरोबर ओळखलं. मात्र ट्रकच्या कपाळावर लिहिलेलं ४०७ हे गाडीचं नाव, इंजिनाचं नव्हे. तिथे ही युक्ती लावू नका. पश्चिम किनाऱ्यावरच्या ट्रॉलरांत दिसणारं अशोक लेलँडचं एएलएम ४०० हेही सहांची रांग आहे. त्याच्या नावातला ४०० मात्र घनइंचांचा, म्हणजे साडेसहा लिटर. प्रत्येक कारखान्याची नावं ठेवायची रीत निराळी, हे एवढ्यावरून कळतं.

दुसरी पायरी: एक नंबर कुठला?

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांच्या इंजिनांत एक नंबर पुलीच्या बाजूला, म्हणजे फ्लायव्हीलच्या विरुद्ध टोकाला. ‘बहुतेक’ हा शब्द लक्षात ठेवा. प्यूजो आणि रेनो या फ्रेंच घराण्यांतल्या अनेक इंजिनांत मोजणी फ्लायव्हीलकडून होते. मरीन इंजिनांतही दोन्ही पद्धती सापडतात. म्हणून मॅन्युअल बघा. ते नसेल तर ब्लॉकवर किंवा हेडवर ओतलेले आकडे गंज खरवडून शोधा, खाऱ्या हवेत ते लपलेले असतात. एक गोष्ट दिलासा देणारी: चार किंवा सहा सिलिंडरच्या साध्या इंजिनात तुम्ही उलट्या टोकाकडून मोजलं तरी जोड्या बदलत नाहीत. का ते पुढे.

तिसरी पायरी: फिरायची दिशा

पुलीच्या समोर उभं राहिलं की क्रँक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, हा सर्वसाधारण नियम. बोटीत पुष्कळदा इंजिनाच्या पुढे जाऊन उभं राहायला जागाच नसते आणि तुम्ही फ्लायव्हीलच्या बाजूने बघत असता. मग दिशा उलटी दिसणार. खडूने पुलीवर बाण काढा आणि कामाला लागा.

चौथी पायरी: जोड्या

सगळं सार इथे आहे, घाई करू नका.

फोर-स्ट्रोक इंजिनात एका सिलिंडरचा पूर्ण फेरा क्रँकच्या दोन वळशांत, म्हणजे ७२० अंशांत होतो: हवा ओढणं, दाबणं, धमाका, धूर बाहेर. या ७२० अंशांत सगळ्या सिलिंडरचे धमाके सारख्या अंतराने व्हावेत असा क्रँक घडवलेला असतो. म्हणून ७२० ला सिलिंडरच्या संख्येने भागा. चार सिलिंडर असतील तर दर १८० अंशांना धमाका, सहा असतील तर दर १२०, तीन असतील तर दर २४०.

चार सिलिंडरच्या इंजिनाचं हेड उतरवलेलं दिसलं तर थांबून पाहा. १ आणि ४ एका उंचीवर, २ आणि ३ एका उंचीवर. पहिली जोडी वर असेल तर दुसरी तळाशी. सहांच्या रांगेत १ आणि ६, २ आणि ५, ३ आणि ४ अशा तीन जोड्या, एकमेकींपासून १२० अंशांवर. म्हणजे रांगेच्या मधोमध आरसा धरला तर क्रँकचा एक अर्धा भाग दुसऱ्यासारखाच दिसेल. मघाशी उलट्या टोकाकडून मोजलं तरी बिघडत नाही म्हणालो ते याच कारणाने. जोडीतल्या नंबरांची बेरीज चारांत नेहमी ५ आणि सहांत नेहमी ७.

जोडीतले दोघे एकाच वेळी वर येतात, पण दोघांचं काम वेगळं असतं. १ नंबर दाब देऊन धमाक्याच्या काठावर असेल तेव्हा ६ नंबर धूर बाहेर टाकून नवी हवा घ्यायच्या बेतात असतो. बरोबर ३६० अंशांचं अंतर. पुलीवर किंवा फ्लायव्हीलवर खूण असते ती या जोडीची. ती खूण फक्त एवढंच सांगते की १ आणि ६ दोघे टॉपला (चालीच्या अगदी वर) आहेत. दोघांपैकी धमाका कोणाचा हे ती सांगत नाही, आणि नवशिक्यांचं टायमिंग एका वळशाने चुकतं ते इथेच.

आता फायरिंग ऑर्डर. चार सिलिंडरला सर्वांत जास्त चालणारी १-३-४-२, सहाला १-५-३-६-२-४. ऑर्डर मधोमध कापा आणि दुसरा अर्धा भाग पहिल्याखाली लिहा. वर १, ५, ३ आणि खाली ६, २, ४. उभं वाचा: १-६, ५-२, ३-४. जोड्या आपोआप निघाल्या. चारांत वर १, ३ आणि खाली ४, २.

काही इंजिनांची ऑर्डर वेगळी असते. चारांत १-२-४-३ ही दिसते. दोन इंजिनांच्या बोटीत एखादं उलट्या दिशेने फिरणारं असेल तर सहांत १-४-२-६-३-५ सापडू शकते. तीही मधोमध कापून बघा. जोड्या त्याच. ऑर्डर कॅमवर (वॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) आणि फिरण्याच्या दिशेवर अवलंबून असते, जोड्या मात्र क्रँकच्या पोलादात घडवलेल्या असतात. पाठांतरापेक्षा जोड्यांवर माझा भरवसा आहे तो यासाठी. अपवाद आहेत, नाही असं नाही. यामाहाने २००९ पासून आर-वन मोटारसायकलच्या चार सिलिंडरना वेगळ्याच घडणीचा क्रँक दिला आणि तिथले धमाके सारख्या अंतराने होत नाहीत. ट्रॉलरवर किंवा एसटीत हा प्रकार भेटणार नाही.

तीन सिलिंडरला जोड्याच नसतात. तिन्ही क्रँकपिन १२० अंशांवर, त्यामुळे एका वेळी एकच पिस्टन टॉपला. हे टॅपेट लावताना आठवायचं आहे.

मध्येच थोडं थरथरीबद्दल

हे समजलं नाही तरी टॅपेट लागतील, पण इंजिन ऐकता येणार नाही. चार सिलिंडरमध्ये दोन पिस्टन खाली जाताना दोन वर येतात, मग वजन तोलून थरथर शून्य व्हायला हवी, असं वाटतं. होत नाही. कारण कनेक्टिंग रॉड कलतो. क्रँक टॉपपासून पाव वळसा फिरला की पिस्टन बरोबर मध्यावर नसतो, मध्याच्या खाली गेलेला असतो. रॉडची लांबी क्रँकच्या त्रिज्येच्या साडेतीनपट धरली तर त्याने तोवर स्ट्रोकचा ५७ टक्के भाग कापलेला असतो. म्हणजे वरच्या अर्ध्या भागात पिस्टन जास्त पळतो, खालच्या अर्ध्या भागात कमी. खाली जाणारे दोन आणि वर येणारे दोन यांचा हिशेब त्यामुळे कधीच पुरता मिटत नाही आणि उरलेला धक्का क्रँकच्या दुप्पट वेगाने येत राहतो. १५०० आरपीएमला क्रँक सेकंदाला २५ वळसे घेतो, तेव्हा हे हादरे सेकंदाला ५०. मोठ्या चार सिलिंडर इंजिनाजवळ उभं राहिलं की तळपायाला जी गुणगुण लागते तीत यांचा वाटा मोठा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेडरिक लँचेस्टर या ब्रिटिश अभियंत्याने त्यावर तोड काढली: क्रँकच्या दुप्पट वेगाने, एकमेकांविरुद्ध फिरणारे दोन बॅलन्स शाफ्ट. आजही अनेक चार सिलिंडर इंजिनांत ते असतात. ओव्हरहॉल करताना त्यांच्या खुणा जुळवल्या नाहीत तर थरथर कमी होण्याऐवजी वाढते.

तीन सिलिंडरची तऱ्हा निराळी. वर-खालीचे धक्के एकमेकांना मारतात, पण रांगेची दोन टोकं आलटून पालटून उचलली जातात, नांगरावर उभ्या होडीची नाळ आणि वरामा (पुढचं आणि मागचं टोक) हेलकावतात तशी. म्हणून तीन सिलिंडर गाड्यांत इंजिनाच्या रबरी माउंटिंगची तब्येत सांभाळावी लागते. मोठी सातआसनी बोलेरो २५२३ सीसीच्या चार सिलिंडरवर चालायची, नंतर पॉवर प्लसमध्ये १४९३ सीसीचं तीन सिलिंडर आलं. वर्षानुवर्षं जुनी चालवलेल्या ड्रायव्हरने नवी हातात घेतली की पहिल्यांदा हाच फरक जाणवतो.

सहांच्या रांगेत हे सगळे धक्के, क्रँकच्या वेगाचे आणि त्याच्या दुप्पट वेगाचेही, आपसांत मिटतात. बॅलन्स शाफ्टची गरजच नाही. शिवाय एका धमाक्याचा जोर ओसरायच्या आत १२० अंशांवर दुसरा सुरू होतो, त्यामुळे गिअरला आणि शाफ्टला सलग रेटा मिळतो. भरलेलं जाळं ओढताना किंवा आंबा घाटात भरलेला ट्रक चढवताना हा सलगपणा कळतो. पण म्हणून छोट्या होडीवर सहा सिलिंडर चढवू नका. वजन, डिझेल आणि सहा नोजलांचा खर्च बघता छोट्या होडीला एक-दोन सिलिंडरचं साधं इंजिन पुरतं.

सहांच्या रांगेचं दुखणं एकच, लांबी. लांब क्रँक धमाक्यागणिक पिळतो आणि सुटतो. तो पीळ जिरवायला पुढच्या पुलीत डॅम्पर असतो, रबराचा किंवा दाट तेलाचा. पुलीचं रबर सुटलेलं दिसलं तर ‘पट्टा फिरतोय ना, चालू दे’ म्हणू नका. ती पुली क्रँक वाचवत असते.

पाचवी पायरी: टॅपेट

आधी सुरक्षा. बॅटरीची तार काढा. हवेने स्टार्ट होणारं इंजिन असेल तर बाटलीचा कॉक बंद करा, गिअर न्यूट्रलला ठेवा, स्टॉप लिव्हर ओढून बांधा. तुम्ही रॉकरवर वाकलेले असताना वर केबिनमध्ये कोणी चावी फिरवली तर बोटं जातात. चावी खिशात ठेवलेली बरी.

टॅपेट थंड इंजिनावर लावायचे की गरम इंजिनावर, आणि गॅप किती, हे मॅन्युअल किंवा प्लेट सांगते. साधारणपणे आकडा ०.२० ते ०.५० मिमीच्या दरम्यान असतो आणि एग्झॉस्टचा गॅप बहुधा इनलेटपेक्षा जास्त, कारण एग्झॉस्ट वॉल्व्ह जास्त तापतो आणि जास्त लांबतो. ‘सगळ्यांना चालतो’ असा एक आकडा कोणी सांगितला तर मान डोलवा आणि प्लेट बघा. हायड्रॉलिक टॅपेट असतील तर ही पायरीच सोडून द्या.

रॉकर कव्हर काढलं की इनलेट कुठला आणि एग्झॉस्ट कुठला हे ठरवा. त्या त्या वॉल्व्हसमोर कोणत्या मॅनिफोल्डची फांदी येते ते पाहा. बोटीवर एग्झॉस्ट मॅनिफोल्ड पाण्याने थंड केलेला असतो, त्यामुळे जळका रंग शोधत बसू नका, पाइप कुठे जातो ते हाताने माग काढत बघा. खडूने ‘इ’ आणि ‘ए’ लिहून टाका.

आता फ्लायव्हीलच्या भोकात टॉमी (लोखंडी दांडी) घालून किंवा पुलीच्या नटवर पाना लावून क्रँक हळूहळू, नेहमीच्या दिशेनेच फिरवा आणि ६ नंबरच्या दोन रॉकरवर नजर ठेवा. एक क्षण असा येतो की एग्झॉस्ट बंद होत वर येतो आणि त्याच वेळी इनलेट उघडत खाली जायला लागतो. दोन्ही रॉकर एकमेकांविरुद्ध हलतात. तिथेच थांबा. ६ नंबर धूर-हवेच्या सांध्यावर आहे, म्हणजे त्याचा जोडीदार १ नंबर धमाक्याच्या टॉपला, त्याचे दोन्ही वॉल्व्ह पूर्ण बंद. १ चे रॉकर बोटाने हलवून बघा, दोन्हींत किंचित खेळ लागला पाहिजे. लागला नाही तर एकतर तुम्ही चुकीच्या जागी आहात किंवा गॅप संपलेला आहे.

१ चे दोन्ही टॅपेट लावा. मग १२० अंश फिरवा, २ चे रॉकर सांध्यावर येतील, ५ चे टॅपेट लावा. पुढे ४ हलताना ३ चे, १ हलताना ६ चे, ५ हलताना २ चे, ३ हलताना ४ चे. क्रँकच्या दोन वळशांत सगळी रांग पूर्ण. चार सिलिंडरला दर वेळी अर्धा वळसा: ४ हलताना १, २ हलताना ३, १ हलताना ४, ३ हलताना २.

तीन सिलिंडरवर जोडीदार नाही. तिथे ज्या सिलिंडरचे टॅपेट लावायचे त्याचेच रॉकर सांध्यावर आणा, पुलीवर खडूची रेघ मारा आणि क्रँक एक पूर्ण वळसा फिरवून रेघ पुन्हा तिथेच आणा. आता तोच सिलिंडर धमाक्याच्या टॉपला आहे. ही रीत एक, दोन, तीन, पाच, कितीही सिलिंडरला लागू पडते. फक्त वळसे जास्त घालावे लागतात.

लावताना लॉकनट रिंग पान्याने सैल करा, स्क्रू फिरवा, फिलर गेजची पाती मध्ये घाला. पाती सरकली पाहिजे पण थोडी ओढ लागली पाहिजे. खात्री करायची तर पुढची जाड पाती घालून बघा: ०.३० जाते आणि ०.३५ जात नाही, असं झालं की ०.३० बरोबर. लॉकनट आवळताना स्क्रू स्वतःही थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजल्याशिवाय पुढे जायचं नाही. रॉकरचं टोक झिजून खळगा पडला असेल तर पाती खळग्यावरून जाते आणि प्रत्यक्ष गॅप तुमच्या मापापेक्षा जास्त राहतो. अशा वेळी रॉकरच दुरुस्त करायला हवा. पाती वापरून झाल्या की तेलाचा हात फिरवा, एका पावसाळ्यात गंजलेली पाती खोटं माप देते.

टॅपेट थोडा सैल राहिला तर टकटक ऐकू येते आणि तुम्ही ओशाळता. घट्ट राहिला तर आवाज काहीच येत नाही, उलट इंजिन गोड वाटतं, आणि वॉल्व्ह सीटवर पुरता न बसल्यामुळे आतल्या आत जळत जातो. आवाज नाही म्हणून शाबासकी देणाऱ्यांचं ऐकू नका.

सहावी पायरी: रांगेतला कोण बसला?

इंजिन मिसिंग करत असेल तर जुन्या पंपाच्या डिझेलवर सोपी परीक्षा आहे. आयडलला चालू ठेवून एकेका नोजलचा पाइपनट किंचित सैल करा. आवाज बदलला, इंजिन डगमगलं, तर तो सिलिंडर कामाचा होता. काहीच फरक पडला नाही तर तोच बसलेला. हातमोजे, चष्मा घाला आणि नटवर फडकं टाका, कारण दाबाखालचं डिझेल कातडीत घुसतं आणि ती जखम साधी नसते. कॉमन रेल इंजिनावर हे मुळीच करायचं नाही. तिथे पाइपातला दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो. त्याची तपासणी स्कॅनरनेच होते.

बसलेले सिलिंडर सापडले की त्यांचे नंबर लिहा. एकटा असेल तर नोजल, वॉल्व्ह, रिंग या क्रमाने संशय घ्या. शेजारचे दोन, म्हणजे ३ आणि ४ किंवा ४ आणि ५, एकदम बसले असतील तर दोघांच्या मधलं हेड गॅस्केट फुटलं असण्याची शक्यता दाट. इथे शेजार जागेचा धरायचा, फायरिंग ऑर्डरचा नव्हे. हेड पुन्हा बसवताना बोल्ट मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळायचे. लांब रांगेच्या हेडला एका टोकाकडून आवळत गेलात तर ते वाकडं बसतं.

मागच्या टोकाच्या सिलिंडरवर थोडी जास्त नजर ठेवा. थंड पाणी बहुधा पुढच्या पंपाकडून आत येतं आणि मागे जाईपर्यंत गरम होतं. पाण्याच्या वाटेत क्षार किंवा गाळ साठला की पहिला त्रास मागच्यालाच. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी पाणी गढूळ होतं, प्लास्टिक तरंगतं आणि समुद्राच्या पाण्याचा गाळणा चोंदतो. हंगामाच्या सुरुवातीला तो रोज उघडून बघावा.

सगळं बंद केल्यावर स्टार्ट करण्याआधी क्रँक हाताने दोन पूर्ण वळसे फिरवा. कुठे अडला तर जोर लावू नका, परत उघडा. अडला नाही तर बॅटरी जोडा, स्टॉप लिव्हर सोडा, सुरू करा आणि रॉकर कव्हरच्या कडेने तेल झिरपत नाही ना ते बघा. शाफ्टची सरळी मात्र बोट पाण्यात उतरल्यावरच शेवटची तपासायची. लाकडी बोट ओढीवर असताना वेगळी बसते, पाण्यात वेगळी, आणि किनाऱ्यावर जुळवलेला कपलिंग तिथे केसाएवढा तरी सरकलेला मिळतो.